अलकानंतरचा सीझन

सोमवार, ३० सप्टेंबर

अंबरीशने इंग्लंडातल्या ब्रॅकनेलहून ही वही पाठवली. ‘बाबा, आता तुम्ही दोघंही घरी असता. रोज थोडं लिहीत जा, नाहीतर एकमेकांचं डोकं खाल.’ मुलगा शहाणा आहे. हॉस्पिटलात भूल देण्याचं काम करताना मी चौतीस वर्षं दर पाच मिनिटांनी दुसऱ्यांचं ब्लडप्रेशर लिहिलं. आता स्वतःचं लिहायला हरकत नाही.

तर घरची परिस्थिती. मी दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो, तेव्हा कोणी फारसं हललं नाही. मे महिन्यात अलका रिटायर झाली आणि अर्धं कार्डिफ निरोपाला आलं. म्हणजे फिजिओथेरपीच्या नोकरीतून नव्हे, ती केव्हाच सुटली. युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या फुटबॉल टीमची ती कोच होती. सव्वीस वर्षं, अकरा वेळा लीगचं विजेतेपद. निरोपाला तिच्या पहिल्या बॅचच्या मुली स्वतःच्या मुलींना घेऊन आल्या होत्या.

तिच्या जागी शाल्मली आली. आमच्या न्यूपोर्टच्या डॉ. शशीची मुलगी, वय एकोणतीस, शाळेत पीई, म्हणजे आपलं पीटी, शिकवते. एके काळी अलकाची कॅप्टन होती. विद्यार्थ्यांच्या स्पोर्ट्स पेजवर यंदाचं भाकीत आलंय: सहा टीम्समध्ये आपली पाचवी. अलकाने ते वाचलं आणि फोन उलटा ठेवला.

तिने नियम केला आहे: सीझन संपेपर्यंत ग्राउंडवर पाऊल टाकायचं नाही आणि घरात टीमचा विषय काढायचा नाही. कारण कोल्हापूरचं आहे. तिचे वडील पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमला शिकवायचे. गुडघे गेले म्हणून सोडलं, पण रोज लाइनीवर जाऊन उभे राहायचे. पोरं नव्या मास्तरांऐवजी त्यांच्याकडेच बघत राहायची. वर्षाच्या आत नवा मास्तर निघून गेला आणि टीमही फुटली. ‘मी चौदा वर्षांची होते, समोर बघितलंय,’ अलका म्हणते. ‘शाल्मलीचं तसं व्हायचं नाही.’

त्यामुळे सध्या ट्रेनिंग माझं चाललंय. काल डिशवॉशर तीनदा भरायला लावला. तिसऱ्यांदा टाळी मिळाली.

बुधवार, १६ ऑक्टोबर

ड्रॉवर आवरताना अलकाला ग्राउंडवरच्या किट-रूमच्या किल्ल्या सापडल्या. ‘तुम्ही देऊन या. मी येणार नाही.’ मी गेलो. मॅच चालू होती, किल्ल्या कोणाला द्यायच्या कळेना, म्हणून थांबलो.

चार-शून्य हरलो. मला ऑफसाइड आजही नीट कळत नाही, पण चार गोल खाल्ले हे कळलं. अलकाच्या टीमने घरच्या ग्राउंडवर चार गोल कधी खाल्ले असतील असं वाटत नाही. खात्री मात्र नाही. मी कुठे बघितलंय?

मॅच संपल्यावर सगळे गेले आणि शाल्मली एकटीच गोलपोस्टच्या जाळ्या सोडत होती. मी किल्ल्या पुढे केल्या. तिने माझ्या मागे पाहिलं, काकू आहेत का म्हणून.

‘नाही आली,’ मी म्हटलं.

‘बरं झालं,’ ती म्हणाली. मग लगेच, ‘म्हणजे तसं नाही काका, सॉरी. माझा मराठी...’

‘कळलं मला.’

‘मी काकूसारखा टीम खेळवत नाही. काकू म्हणजे आधी गोल खायचा नाही, मग एक मारायचा, जिंकला. मला तसं जमतच नाही. मला मारायला आवडते. पण सगळे पोरी चुकले की टचलाइनकडे बघतात. मी तिथे उभा आहे, आणि ते माझ्या बाजूला बघतात. रिकाम्या जागेकडे.’

मी तिला जाळी सोडायला मदत केली. मग ती म्हणाली, ‘तुम्ही पुढच्या बुधवारी येणार का? तुम्हाला फुटबॉल कळत नाही ना? मला असा एक माणूस पाहिजे.’

इतकं स्वच्छ आमंत्रण मला आयुष्यात मिळालेलं नाही.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

अलकाला सांगायचं कसं? विषय बंद आहे. सांगितलं तर तिची जखम ओली होणार. रात्री उशिरापर्यंत विचार केला आणि आज नाश्त्याला म्हटलं, ‘बुधवारी दुपारी वेल्श भाषेच्या क्लासला जावं म्हणतोय. कम्युनिटी सेंटरमध्ये असतो.’

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. ‘पस्तीस वर्षं इथे आहात. आत्ता?’

‘मेंदूला चांगलं असतं.’

‘बरं,’ ती म्हणाली आणि पोहे ढवळत बसली. सहज पटलं म्हणायचं.

बुधवार, २३ ऑक्टोबर

दोन-दोन बरोबरी. ऑफसाइड कळलं! गोलकीपर कॅरिसने हाफटाइमला पाण्याच्या बाटल्या मांडून समजावलं. कॅरिस मोठी मजेशीर मुलगी आहे. आनंद असो की दुःख, ते आधी तिच्या हातापायांत येतं, मग चेहऱ्यावर.

घरी आलो तर अलकाने विचारलं, ‘काय शिकवलं आज?’

‘बोरे दा. म्हणजे गुड मॉर्निंग.’

‘दुपारी?’

शुक्रवार, १ नोव्हेंबर

दिवाळीच्या फराळाला शशी आणि शाल्मली आल्या. चकल्या उत्तम झाल्या होत्या. शाल्मली समोर बसली होती, अलका तिला आग्रह करकरून वाढत होती, आणि दोघींनी दोन तासांत फुटबॉल हा शब्द उच्चारला नाही. हवामान, शाळेतली मुलं, चकलीची भाजणी. शशीने एकदा ‘काय म्हणते टीम?’ विचारलं, तर दोघी एकदम म्हणाल्या, ‘चहा घेणार?’

निघताना शाल्मलीने वाकून नमस्कार केला. अलकाने तिचा दंड धरला, काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, ‘डब्यात करंज्या घातल्यात. कडेने दाबू नकोस, मोडतील.’

बुधवार, १३ नोव्हेंबर

पाच-चार!! जिंकलो!

नव्वद मिनिटांत नऊ गोल. माझं ब्लडप्रेशर कोणी घेतलं असतं तर ॲडमिट केलं असतं. चार-चार असताना कॅप्टन मेगनने शेवटच्या मिनिटाला हेडर मारला. शाल्मली इतक्या जोरात धावली की चिखलात पडली, आणि मुली तिच्या अंगावर. लक्षात आलं ते असं, की आज एकदाही कोणी रिकाम्या जागेकडे बघितलं नाही. तसंही तिथे आता मी उभा असतो, चहाचा थर्मास घेऊन. माझ्याकडे बघून कोणाला काय मिळणार?

घरी येताना गाडीत एकटाच ओरडलो. दारात मात्र चेहरा सरळ केला.

अलका म्हणाली, ‘आज क्लास रंगलेला दिसतोय.’

‘क्रियापदं होती,’ मी म्हटलं.

बुधवार, २७ नोव्हेंबर

तीन-एक. ओळीने तिसरा विजय. स्पोर्ट्स पेजवाल्यांनी पाचवीवरून तिसरी केली. मला आता टीममध्ये काम आहे: चहा, मलमपट्टीची बॅग, आणि मोडलेल्या नखांचं सांत्वन. मुली मला ‘डॉक्टर एम’ म्हणतात, आडनाव जमत नाही म्हणून. इतके दिवस माझे पेशंट माझ्याशी बोलायच्या आधीच झोपायचे.

अलकाचं मात्र काहीतरी बिनसलंय. दर बुधवारी संध्याकाळी भांडी आपटते. आज मी हसत घरात आलो तर म्हणाली, ‘बूट बाहेर काढा.’ जेवताना एक अक्षर नाही. गुरुवारी पुन्हा ठीक असते. माझा अंदाज: थायरॉइड. या वयात चिडचिड, थकवा. उद्या तिला रक्त तपासायला नेतो.

गुरुवार, ५ डिसेंबर

थायरॉइड नॉर्मल. बी-ट्वेल्व्ह नॉर्मल. शुगर माझ्यापेक्षा चांगली.

रिपोर्ट घेऊन बेकरीत गेलो. काउंटरवरची बाई वेल्श बोलणारी. अलका मागे सरकली आणि म्हणाली, ‘मागा की वेल्शमध्ये. दोन महिने होत आले क्लासला.’

मी म्हटलं, ‘बोरे दा.’ आणि बोटाने वेल्शकेक्स दाखवले.

बाई कौतुकाने हसली. अलका हसली नाही. काहीतरी निदान माझ्या हातून निसटतंय. रिटायरमेंटचं डिप्रेशन असणार. तिला एखादा छंद हवा.

बुधवार, ५ फेब्रुवारी

महिनाभर परीक्षा, मग पाऊस, मग गोठलेलं ग्राउंड. लिहिण्यासारखं काही नव्हतं. अलकासाठी मातकामाच्या कोर्सचं माहितीपत्रक आणलं होतं. तिने त्यावर कढीपत्त्याची कुंडी ठेवली.

आज पुन्हा मॅच, पुन्हा विजय. आपण पहिले! बाथची टीम एका गुणाने मागे. भाकीतवाल्यांनी लिहिलंय, ‘दिग्गज कोच गेल्यावर ही टीम कोसळेल असं आम्ही म्हटलं होतं. आम्हाला फुटबॉल कळत नाही.’ म्हणजे आता आम्ही बरेच जण आहोत.

बुधवार, १२ फेब्रुवारी

लिहू की नको असं झालंय. पण अर्धवट लिहायचं तर वही कशाला.

आज मॅचनंतर मुलींनी मला टीमचा लाल स्कार्फ दिला. कॅरिसने गळ्यात घातला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी इतका खूश होतो की स्कार्फ गळ्यातच राहिला आणि तसाच घरात शिरलो.

अलका जिन्यात उभी होती. ‘वेल्शच्या बाईंनी दिला का?’

माझा हात स्कार्फकडे गेला.

‘ऑक्टोबरपासून माहितीय मला. क्लासमधून कोण गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन येतंय?’

‘अगं, तुला त्रास होऊ नये म्हणून...’

‘मला कशाचा त्रास?’

‘टीम सुटली त्याचा. मला वाटलं, तुझ्यासमोर विषय निघाला की...’

‘टीम मी सोडली. माझ्या मर्जीनं सोडली. पोरगी चांगलं करतीय, मला आनंद हाय.’ रागावली की तिच्या बोलण्यात कोल्हापूर येतं. ‘सव्वीस वर्षांत माझ्या किती मॅचेस बघितल्या तुम्ही?’

मी आठवू लागलो.

‘तीन. त्यातल्या एकीत झोपला होता.’

‘माझी ड्युटी असायची, अलका.’

‘दर बुधवारी?’

खरं म्हणजे बुधवारी दुपारी मी बहुतेक मोकळा असायचो. घर शांत असायचं, पेपर वाचायचो. मला ते दुपारचे तास आवडायचे. हे मी तिला सांगितलं नाही, पण तिला दिसलं असणार.

‘मी सोडल्यावरच बघण्यासारखं झालं व्हय ते?’ ती म्हणाली आणि वर गेली.

मी स्कार्फ काढला. कुठे ठेवावा कळेना. शेवटी खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

रविवार, १६ फेब्रुवारी

अंबरीशचा फोन. त्याला सगळं सांगितलं. त्याला हसू येतंय की राग, मला कळेना.

‘बाबा, शाळा लवकर सुटली की आई मला ग्राउंडवर न्यायची. मॅच जिंकल्यावर ती काय करायची माहीत आहे? पार्किंगकडे बघायची. तुमची गाडी आहे का.’

‘तू मला कधी सांगितलं नाहीस.’

‘मी सात वर्षांचा होतो. मला वाटायचं सगळेच कोच मॅच संपली की पार्किंगकडे बघतात.’

फोन ठेवल्यावर बराच वेळ खिडकीशी उभा राहिलो. चौतीस वर्षं पेशंटच्या श्वासातला बारीकसा फरक मला ऐकू यायचा.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज गेलो नाही. मला बरं नाही असा शाल्मलीला मेसेज केला.

अलका म्हणाली, ‘जा की. तिला सवय झालीय तुमची.’

‘नाही जात.’

‘माझ्यावर उपकार करू नका.’

‘उपकार नाही. मला लाज वाटतेय. घरात बसून वाटून घेतो.’

ती म्हणाली, ‘नुसतं बसून कशाला? भाकरी थापायला शिका.’ माझी पहिली भाकरी परातीतच फाटली, दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. ती मध्ये पडली नाही, नुसती बघत राहिली आणि म्हणाली, ‘हात उचलू नका. पीठ तुम्हाला सांगतंय कुठं जायचं ते.’ मुलींना ती अशीच शिकवत असणार. चौथी गोल झाली. बऱ्यापैकी गोल.

चारच्या सुमारास माझा फोन वाजला. माझे हात पिठाचे. अलकाने मेसेज वाचला. शाल्मली: ‘जिंकला! काका तुमचा तब्येत कसा आहे?’

अलकाने फोन ओट्यावर ठेवला. पोळपाट पुसला. पुन्हा पुसला. मग पाठमोरीच म्हणाली, ‘कितीनं, ते लिहिलं नाही पोरीनं.’

मी पिठाच्या हातानेच मेसेज केला. उत्तर आलं. ‘तीन-दोन.’

‘दोन खाल्ले?’ अलका गर्रकन वळली. ‘खालून दुसऱ्या टीमकडून दोन? लेफ्ट-बॅकला कोण आहे?’

आणि मग बांध फुटला. मला टीममधलं एकेक नाव माहीत होतं. कोण कुठे खेळतं, कोणाचा घोटा दुखतो, मेगन पेनल्टीआधी डोळे का मिटते. मी सांगत होतो, ती प्रश्न विचारत होती, मध्येच ‘हे असलं खेळतात?’ म्हणून कपाळावर हात मारत होती. भाकऱ्या गार झाल्या. सात वाजता आम्ही त्या दुधात कुस्करून खाल्ल्या.

बुधवार, ५ मार्च

शेवटची मॅच, बाथशी, आपल्या ग्राउंडवर. आपण दोन गुणांनी पुढे, त्यामुळे बरोबरी झाली तरी विजेतेपद आपलं.

सकाळी मी म्हटलं, ‘चल.’

‘नियम म्हणजे नियम. सीझन संपलेला नाही.’

‘ग्राउंडवर पाऊल टाकायचं नाही हा नियम आहे ना? पार्किंग म्हणजे ग्राउंड नव्हे.’

तिने मला नीट न्याहाळलं. ‘हे तुम्ही कधी शोधलं?’

‘अंबरीशचा फोन आला त्या रविवारपासून शोधतोय.’

गाडी कुंपणाला लागून लावली. कुठून काही दिसतं ते मी आधीच पाहून ठेवलं होतं. तरी क्लबहाउसच्या भिंतीमुळे अर्धंच मैदान दिसत होतं. अलकाने डोक्यावर टोपी ओढून घेतली, लपल्यासारखी. जेमतेम पाच फुटांची बाई, पण सव्वीस वर्षं त्या ग्राउंडवर वावरलेली. शेजारून जाणाऱ्या ग्राउंड्समनने काचेवर टकटक केली, ‘हॅलो अलका’ म्हणाला आणि पुढे गेला.

हाफटाइमला एक-एक. दुसऱ्या हाफमध्ये दोन-दोन. आपला गोल आता आमच्या बाजूला होता, म्हणजे आम्हाला दिसत होती फक्त कॅरिस आणि तिच्यावर चालून येणाऱ्या बाथच्या मुली. शेवटची दहा मिनिटं उरली.

‘आता बंद करणार,’ अलका म्हणाली. ‘पाच जणी मागं. बॉल लांब मारायचा. झालं.’

भिंतीच्या अलीकडे टचलाइनवर शाल्मलीने हात वर केला. एक डिफेंडर बाहेर आली आणि आत गेली स्ट्रायकर.

‘आयला!’ अलका सीटवरून उठली आणि डोकं छताला आपटलं. ‘वेडी झाली काय ही? बरोबरी चालतीय तुला! अहो, सांगा की तिला!’

‘मी? मला फुटबॉल कळत नाही.’

बाथचा एक शॉट आला तो थेट खांबावर. तो आवाज मला छातीत लागला. अलकाने माझं मनगट पकडलं होतं. अजून वळ आहे. कॅरिसने बॉल उचलला आणि लांब फेकला. सगळ्या मुली धावत भिंतीआड गेल्या. इकडे कॅरिस एकटी उरली, कमरेवर हात ठेवून.

आम्ही दोघं कॅरिसकडे बघत होतो. ती चवड्यांवर उभी राहिली. एक पाऊल पुढे गेली. मग दोन्ही हात डोक्यावर. मग हात हवेत, आणि ती आपला गोल मोकळा टाकून सुसाट पळत सुटली.

‘गोल,’ अलका अगदी हळू म्हणाली. आरोळी आमच्यापर्यंत नंतर आली.

तीन-दोन. बारावं विजेतेपद. शाल्मलीचं पहिलं.

पंधरा-वीस मिनिटांनी शाल्मली चिखलाने माखलेली गाडीपाशी आली. अलका उतरली. दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या.

‘काकू, काकांचा गाडी दिसला, मला माहीत होता तुम्ही इथे आहात. तुम्ही चिडला ना?’

‘मी असते तर बरोबरी केली असती.’

‘माहीत आहे.’

‘कप मिळाला असता.’

‘माहीत आहे. पण मग मी काय केला असता, तुमचाच कप ना तो?’

मला वाटलं आता काहीतरी लागट येणार. ती कुंपणावरून वाकली, शाल्मलीच्या कपाळावरचा चिखल अंगठ्याने पुसला आणि म्हणाली, ‘मला असलं खेळता आलं नसतं गं. भीती वाटली असती.’

शाल्मली रडायला लागली, मग हसायला. मग दोघी एकदम बोलायला लागल्या, लेफ्ट-बॅकबद्दल. मी थर्मास उघडून चहा ओतला.

बुधवार, १२ मार्च

मॅच नाही. सीझन संपला. जेवणं झाल्यावर म्हटलं, ‘ग्राउंडवर जाऊया.’

‘आज काय आहे तिथे?’

‘काही नाही. मला तुझ्या मॅचेस बघायच्यात.’

ती म्हणाली, चक्रम आहात. पण बूट घालायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही.

मैदानावर कोणी नव्हतं. वाऱ्याने कोपऱ्यातला झेंडा फडफडत होता. आधी ती उगाच लाइनीवरून चालली. मग पेनल्टीच्या ठिपक्यावर थांबून म्हणाली, ‘पहिलं वर्ष. अकरा जणी जमवायलाच महिना गेला. दहाजणी घेऊन खेळलो. इथं आमची एक पोरगी घसरली आणि बॉल तिच्या पाठीला लागून आत गेला. तोच आमचा पहिला गोल.’

‘नाव काय तिचं?’

‘जिल. आता आजी झालीय.’ मग मला म्हणाली, ‘तुम्ही असे कडेला काय उभे? इकडे या. गोलमध्ये. जरा डावीकडे. हां. तुम्ही स्वान्झीची गोलकीपर.’

मी स्वान्झीची गोलकीपर झालो. मग पुढच्या वर्षी ब्रिस्टलची डिफेंडर. मग रेफ्री, तोही चुकीचा निर्णय देणारा. त्या निर्णयाबद्दल तिने मला पंचवीस वर्षांनी पुन्हा एकदा झापलं. ती धावून दाखवत होती, धापा टाकत होती, टोपी पडली तरी उचलली नाही. तिसऱ्या विजेतेपदाचा गोल तिने काल झाल्यासारखा सांगितला. कोण कुठून आलं, पाऊस कसा होता, अखेरची शिट्टी वाजली तेव्हा ती कुठे उभी होती.

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काय. पोरी नाचत होत्या.’

‘आणि तू?’

ती पार्किंगकडे वळून बघणार होती, पण मी तर तिच्यासमोर गोलमध्येच उभा होतो. बूट चिखलात रुतलेले. तिने माझ्याकडे बघितलं.

‘मी जिंकले होते,’ ती म्हणाली.

मी टाळ्या वाजवल्या. रिकाम्या मैदानात एकट्या माणसाच्या टाळ्या विचित्र ऐकू येतात, पण मी थांबलो नाही. शेवटी तीच म्हणाली, ‘पुरे आता, लोक बघतील,’ आणि चौथं वर्ष सांगायला लागली.